शेपूचं अळणी

बडोद्याच्या गोत्री भागातलं ते टेनामेंट आम्हाला एका अटीवर मिळालं. घरमालकीण बेन आणि त्यांचे यजमान खाली राहायचे, वरच्या दोन खोल्या आमच्या. चावी देताना बेननी माझ्या नवऱ्याला विचारलं, "तमे लोको मराठी. मांस-मच्छी खाओ छो?"

"खातो," हे म्हणाले. "पण इथे शिजवणार नाही."

"बस, एटलुंज जोईए, एवढंच," बेन म्हणाल्या आणि चावी माझ्या हातात ठेवली.

तो शब्द आम्ही पाळला. यांची कारखान्यात पाळीची नोकरी. सुट्टी आली की आम्ही स्कूटरवरून रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये जायचो. तिथे यांचे एक साताऱ्याकडचे स्नेही होते. त्यांची बायको, आमच्या वहिनी, मटण करायच्या, पोटभर जेवून आम्ही घरी यायचो. गोत्रीला तेव्हा सोसायट्या नुकत्या उभ्या राहत होत्या, आमच्या मागच्या भिंतीला लागून अजून एरंडीचं शेत होतं. शेजारीपाजारी सगळे गुजराती, सगळे शाकाहारी. मला तिथे करमायचं. बेन माझे केस विंचरून द्यायच्या, मी त्यांना पुरणपोळी शिकवली होती.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी जायची होते. पण सातव्या महिन्यात अंगावर लाल जायला लागलं आणि डॉक्टरबाईंनी प्रवासाला सक्त मनाई केली. मग आईच आली. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावातून निघालेली आई बडोद्याच्या स्टेशनवर नऊवारीत उतरली, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि पहिला प्रश्न, "इथं शेपू मिळतो का गं?"

मुलगी झाली, पण माझं फार रक्त गेलं. दवाखान्यातून घरी आले आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप भरला. गोळ्यांनी ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. तोंडाची चव गेली, आणि पोटात काही ठरेना. डिंकाचा लाडू बघूनच मळमळायचं. बेन रोज सकाळी स्टीलच्या वाडग्यात गुंदरची राब, डिंकाची पातळ पेज घेऊन वर यायच्या, वर तुपाचा बोटभर थर. त्या समोर बसायच्या म्हणून मी दोन घोट प्यायचे. त्यांची पाठ वळली की मोरीत जाऊन ओकायचे.

अंगावर दूध येईना. बाळ ओढायचं, थकायचं, रडायचं. डब्याचं दूध देऊन पाहिलं तर तिला जुलाब लागले. मग ते बंद केलं. पुढे पुढे तिचं रडणंही बारीक होत गेलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली. मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायचे.

डॉक्टरबाईंनी तिला वजनकाट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि उचललं. मग मला म्हणाल्या, "तुझ्याच पोटात काही नाही, तर हिला कुठून मिळणार? पातळ काही घे, सूप घे. पोटात ठरेल ते घे. नाहीतर दोघींना ॲडमिट करावं लागेल."

घरी आल्यावर आईने बाळाला माझ्या कुशीत ठेवलं आणि यांना म्हणाली, "हिला अळणी पाहिजे."

आमच्याकडे मटण आधी हळद, आलं-लसूण आणि जरासं मीठ घालून शिजवून घेतात. तिखट-मसाला पडायच्या आधीचं जे पाणी, ते अळणी. ते लहान मुलांना, आजाऱ्यांना, बाळंतिणींना द्यायचं. बाळंतिणीचं असेल तर आई त्यात शेपूची अख्खी जुडी सोडायची. मंद आचेवर हाडं आणि पाला एकत्र रटरटायचे, हाडातला कस आणि पाल्यातला कस पाण्यात उतरायचा. मग ते गाळायचं. माझ्या दोन्ही भावजयांची बाळंतपणं तिने याच पाण्यावर काढली होती.

"आई, मी शब्द दिलाय," हे म्हणाले.

"काय दिलाय?"

"इथे शिजवणार नाही म्हणून."

आईने पदर खोचला. "शिजवणार नाही. एवढंच ना? मग इथं नाही शिजवत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यांच्या मागे स्कूटरवर बसून रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये गेली. आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर बसलेली बाई. दुपारी परतली ती एकटी, बसने आणि मग रस्त्यापासून चालत. हातात कापडी पिशवी, पिशवीत थर्मास. सगळं तिने वहिनींच्या स्टोव्हवर केलं होतं. मटण आणि पाला तिकडेच त्यांच्या घरी ठेवला, फक्त पाणी आणलं. गाळणीतून दोनदा गाळलेलं, हिरवट पिवळं, वर तेलाचे बारीक डोळे. तिने फुलपात्रात थोडं ओतलं.

"लगेच गिळू नको. तोंडात धर."

मी धरलं. गरम, किंचित खारट, शेपूचा उग्र वास, आणि त्याच्याखाली हाडाची ती गोडी. किती दिवसांनी मला कशाची तरी चव आली होती. मी गिळलं आणि दोघी वाट बघत बसलो. पोट ढवळलं नाही. आईने आणखी ओतलं.

त्या संध्याकाळी मी भिंतीला न धरता मोरीपर्यंत गेले.

मग रोजचंच झालं. आई सकाळी जायची, दुपारी यायची. पण थर्मासचं झाकण उघडलं की वास खोलीभर व्हायचा. उकाड्यातही मी खिडकी लावून घ्यायला सांगायचे. प्यायचे, आणि सगळं लक्ष जिन्याकडे. फुलपात्र आई राखेने घासायची, पाणी एरंडीच्या शेतात नेऊन टाकायची. आपण काही नियम मोडत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी चोरासारखी पीत होते.

एका दुपारी बेन वर आल्या. त्यांनी हाक मारली नाही, त्या नुसत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्या हातात अर्धं फुलपात्र होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बंद खिडकीकडे. पदर नाकाकडे गेला, मग त्यांनीच तो खाली घेतला. आत आल्या, बाळाच्या कपाळावर हात ठेवला, आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून राब आली नाही.

आता खालून आवाज यायला लागले. बेनचे यजमान एरवी फारसं बोलत नसत, ते मोठ्याने बोलत होते. शब्द कळत नव्हते, पण 'उपर', 'उपर' एवढं ऐकू यायचं. आई फाटकातून आत आली की ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबायच्या. एक दिवस सोसायटीच्या सेक्रेटरींनी यांना स्कूटर थांबवायला लावली. निवृत्त गृहस्थ होते, कोपऱ्यावरच्या बंगल्यात राहायचे, एरवी अतिशय सभ्य.

"साहेब, फरियाद आवी छे," ते म्हणाले.

हे घरी आले ते चेहरा पाडूनच. "थोडे दिवस बंद ठेवूया का?" त्यांनी मला विचारलं, आईला नाही. "आता जरा बरी आहेस तू. उद्या घर सोडा म्हणाले तर या अवस्थेत तुला कुठे नेऊ?"

मला त्यांचंही पटत होतं. शब्द त्यांनी दिला होता, लोकांच्या तोंडाला तोंड त्यांना द्यावं लागत होतं. मी म्हटलं, "बंद करू."

आईने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने मुगाच्या डाळीचं पाणी केलं. मी ते प्यायले आणि ओकले. दुपारी बाळ ओढत राहिलं आणि मग तोंड बाजूला करून बारीक आवाजात रडायला लागलं. तेच जुनं रडणं. मी पुन्हा तिच्या नाकाशी बोट धरलं.

पुढच्या सकाळी मी उठले तेव्हा आई नव्हती. पिशवी आणि थर्मासही नव्हता. हे दिवसपाळीला निघून गेले होते.

दुपारी मी बाळाला घेऊन खिडकीत बसले होते. उन्हात रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मग आई दिसली, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. आणि फाटकाशी सेक्रेटरी दिसले, त्यांच्याबरोबर आणखी दोघे. वाट बघतच उभे असावेत. ओट्यावर तीन-चार बायका होत्या. मला खाली धावायचं होतं, पण जिना उतरायची ताकद नव्हती. मी गज धरून उभी राहिले.

"माजी, थेलामां शुं छे?" सेक्रेटरींनी विचारलं.

आईला गुजराती येत नव्हती. तिने बायकांकडे पाहिलं. त्यातल्या एकीचं माहेर रावपुऱ्यातलं, मराठी शेजारात वाढलेली. ती म्हणाली, "पिशवीत काय आहे विचारतात."

"थर्मास आहे."

"अने थर्मासमां?"

मी मनात म्हटलं, आई, सांग भाजीचं पाणी. नुसतं भाजीचं पाणी सांग. ते खोटंही झालं नसतं.

"शेपूचं आणि मटणाचं पाणी आहे," आई म्हणाली. "लेक बाळंतीण आहे. तिला दुसरं काही पचत नाही."

'मटण' सगळ्यांना कळलं. एक बाई ओट्यावरून उठून आत गेली. सेक्रेटरी म्हणाले, "आ सोसायटीमां ए नहीं चाले." हे भाषांतर करायची गरज पडली नाही.

"इथं शिजवलं नाही मी," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "जावयांनी शब्द दिलाय तो पाळलाय. हाड आणलं नाही, भांडं आणलं नाही. पाणी आणलंय."

रावपुऱ्याच्या बाईने गुजरातीत सांगितलं. सेक्रेटरींनी मान हलवली. "वास आवे छे. बधाने वास आवे छे."

"वास येतो म्हणतात."

"येतो?" आईने पिशवीतून थर्मास बाहेर घेतला आणि झाकणावर हात ठेवला. "उघडते. बघा किती येतो ते. पण हे एकदा उघडलं की निवतं, आणि निवलेलं मी लेकीला देत नाही. मग ते तुम्ही प्यायचं. टाकून मी देणार नाही, दोन तास आचेशी बसून केलंय."

भाषांतर करणारी बाई अडखळली. "बोल की," आई म्हणाली. मग तिने सांगितलं, अगदी हळू.

सेक्रेटरी एक पाऊल मागे सरले. त्यांच्यामागे कुणीतरी हसलं आणि चटकन हसू गिळलं. सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला, आणि मला कळलं की आता हे प्रकरण जास्तच चिघळणार. ते मोठ्याने म्हणाले, "आजे जाओ. पण तमारा जमाईने कहेजो, हवे वात घरमालिक साथे थशे." आता बोलणं थेट घरमालकाशी होणार होतं.

ते बाजूला झाले. आई थर्मास हातात धरूनच आत आली. जिना चढली, दार लावलं, आणि खाली बसली. झाकण उघडायला गेली तर तिच्याने उघडेना.

"मला वाटलं हिसकून घेत्यात आता," ती म्हणाली. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. "तू उघड."

मी उघडलं. दोघींनी मिळून ओतलं. मी प्यायले तेव्हा ती माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होती.

संध्याकाळी हे आले तसे त्यांना खाली बोलावणं आलं. परत आले ते म्हणाले, "घर सोडायला सांगितलंय. लगेच." मग आईकडे पाहून काही बोलणार होते, पण बाळ माझ्या अंगावर होतं, डोळे मिटून घटाघट पीत होतं, घोट गिळल्याचा आवाज खोलीत ऐकू येत होता. त्यांनी ते पाहिलं आणि ते भिंतीला टेकून बसले.

सकाळी आई निघायच्या आत बेन वर आल्या. चटईवर बसल्या. मी उठायला लागले तर हाताने थांबवलं. त्या बडोद्यातच जन्मलेल्या, मराठी त्यांना समजायची आणि मोडकीतोडकी बोलताही यायची. त्या आईशी बोलल्या.

"शेपू म्हणजे आमचा सुवा. आमी पण बाळंतिणीला सुवा देतो."

"दूध येतं त्यानं," आई म्हणाली.

"हा. पण बीजुं, ते दुसरं..." बेन थांबल्या. "तुमी खोटं नाय बोलला. कालच मला कळलं सगळं. पण मी खाली ठाकोरजीचा थाळ, देवाचा नैवेद्य करते. आणि बरोबर माझ्या डोक्यावर, इथे, ते असते. माझा हात चालत नाय. मी काय करू? हे पण खोटं नाय."

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "नाही. तुमचं खोटं नाही."

"घर तर खाली करा. ते रोकावता येणार नाय, माझ्या माणसाने बोलून टाकलं. पण सव्वा महिना पूरो होऊ दे. ओल्या बाळंतिणीला मी बाहेर काढणार नाय, आ घर मारुं पण छे." त्या माझ्याकडे वळल्या. "तोवर तू पी, बेटा. खिडकी उघडी ठेवून पी. आत केवढं उकळतंय."

"आणि तुमचा थाळ?" आईने विचारलं.

"ते मी जोईश. मी बघते."

त्या दिवसापासून बेन रोज सकाळी अंघोळ करून, सोवळ्याची साडी नेसून बाहेर पडायला लागल्या. हातात रुमालाने झाकलेलं ताट. मागच्या गल्लीत त्यांच्या नणंदेचं घर होतं. तिथे त्या थाळ करायच्या, नैवेद्य दाखवायच्या, आणि झाकलेला प्रसाद घेऊन दुपारी परत यायच्या. आई पिशवी घेऊन फाटकातून आत यायची वेळ आणि त्यांची परतायची वेळ पुष्कळदा एकच यायची. आई बाजूला व्हायची, अंग चोरून, ताटाला सावलीही लागू नये अशी. बेन मान खाली घालून जायच्या. दोघी बोलायच्या नाहीत.

सेक्रेटरी पुन्हा दोनदा आले. बेननी त्यांना बाहेरूनच वाटेला लावलं. बेनचे यजमान आमच्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. हे घरात असले की जिन्यात कुणाशी गाठ पडू नये म्हणून ताटकळत बसायचे. खिडकी मी उघडी ठेवू लागले, पण घोट सुखाने उतरत होता असं काही नाही. रोज वाटायचं आज काहीतरी होणार.

ताप गेला. बाळाचे गाल भरायला लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या की औषधं लागू पडली आणि विश्रांती मिळाली. आईने मान डोलावली, बाहेर आल्यावर म्हणाली, "व्हय, औषधं पण."

सव्वा महिना झाल्यावर आम्ही रावपुऱ्यात एका मराठी कुटुंबाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. टेम्पोत सामान चढवताना बेन दारात उभ्या होत्या. त्यांनी बाळाच्या हातात काळा दोरा बांधला. आईने त्यांना वाकून नमस्कार केला. वयाने बेन लहान होत्या, त्या गडबडून मागे सरल्या.

आई आणखी काही दिवस राहिली आणि गावी गेली.

मुलगी शाळेत जायला लागली होती तेव्हा रावपुऱ्याच्या भाजीबाजारात मला ती भाषांतर करणारी बाई भेटली. माहेरी आली होती. जुन्या गोष्टी निघाल्या. बोलता बोलता ती म्हणाली, "बेन तेव्हा रोज नणंदेकडे जायच्या, तुम्हाला माहीत आहे ना? त्या दोघींचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. बेनचे यजमान म्हणजे तिचा भाऊ, त्याच्या घराच्या वाटणीवरून बिनसलं होतं. तुमच्यासाठी बेन तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी तिने दार उघडायला किती वेळ लावला, गल्लीने बघितलं सगळं."

मला हे माहीत नव्हतं. भाजी न घेताच मी घरी आले.

त्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात तसाच राहिला.

"आता बोलतात का दोघी?" तिने विचारलं.

ते मी विचारलंच नव्हतं.